ओळख पटवण्यासाठी शीळ वाजवण्याची गरज नाही

महोदय,

अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्यात जाणारे काही हौशी छायाचित्रकार बुगुन लिओसिक्ला हा दुर्मिळ पक्षी समोर यावा म्हणून मोबाइलवर त्याचीच शीळ पुन्हा पुन्हा वाजवतात आणि ओळख पक्की करायची तर ते करावेच लागते, असे समर्थनही देतात. ते मला पटत नाही.

सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या त्या दमट जंगलात धुके उतरले की पंखांवरचे लाल-पिवळे पट्टे फसवे ठरतात, कारण तिथेच वावरणाऱ्या लाल चेहऱ्याच्या लिओसिक्लाचेही पंख रंगीत असतात. म्हणून आधी डोके पाहावे. बुगुनची टोपी काळी, डोळ्यापुढचा ठिपका नारिंगी-पिवळा आणि अंग करडसर हिरवट. दुसऱ्याचा चेहरा किरमिजी आणि अंग तपकिरी. दुर्बीण असेल तर एवढा फरक दुरूनही कळतो. शिवाय त्याची उतरत जाणारी, बासरीसारखी शीळ तो स्वतःहून घालतोच; ऐकण्याइतका धीर मात्र हवा.

या पक्ष्याचा शोधच मुळी संयमाने लागला. व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ असलेले रमणा अत्रेय यांना तो 1995 मध्ये दिसला. पुन्हा दिसला तो थेट 2005 मध्ये. पुढच्या वर्षी बारीक जाळ्यात सापडलेल्या पक्ष्याची छायाचित्रे आणि गळालेली पिसे ठेवून त्याला सोडून देण्यात आले, आणि त्याच आधारावर नव्या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तेव्हा एकूण 14 पक्षीच माहीत असल्याने नमुन्यासाठी एकही मारायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. नवी प्रजाती सिद्ध करायला जेवढे पुरले, तेवढ्यात आपली नोंद भागत नाही असे कसे म्हणावे?

शीळ ऐकून पक्षी येतो तो हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला या समजुतीने, चारा शोधणे किंवा घरटे सोडून. विणीच्या काळात हे दिवसातून अनेकदा घडले तर पिल्लांची उपासमार होऊ शकते. अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंद झालेल्या प्रजातीला हा भार कशासाठी?

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. अशा पक्ष्यांची छायाचित्रे छापताना शीळ वाजवून बोलावले होते का, हे छायाचित्रकाराला विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास ते छायाचित्र छापू नये, आणि एरवीही घरट्याचे नेमके ठिकाण देऊ नये.

आपला,
एक पक्षिनिरीक्षक वाचक