मेपलच्या बियांना वाणाचे नाव देऊ नका

संपादक महोदय,

बागकाम पुरवणीत जपानी मेपलवरचा लेख वाचून आनंद झाला. त्यासोबतच्या चौकटीत मात्र 'ब्लडगुडचे बी पेरा आणि घरीच ब्लडगुड मिळवा' असे छापले आहे, ते खरे नाही. मी अनेक वर्षे बियांपासून मेपलची रोपे करते, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवले नाही.

तांबड्या पानांचा 'ब्लडगुड', 'सांगो काकू' हे जपानी मेपलचे निवडलेले वाण आहेत आणि ते पुढे चालतात ते कलमानेच. बियांत परागकण कुठल्या झाडाचा आला, कोण सांगणार? 'ब्लडगुड'च्या बियांतून काही रोपे तांबडी निघतात, काही साफ हिरवी. जी तांबडी निघतात, त्यांचाही रंग उन्हाळ्यात टिकेलच असे नाही. बारीक चिरलेल्या पानांच्या 'डिसेक्टम'खाली पडलेल्या बियांतून साध्या, हाताच्या पंजासारख्या पानांची रोपे सर्रास येतात. मला तरी यातच गंमत वाटते; पण पाकिटावर वाणाचे नाव छापून बी विकणे ही फसवणूक झाली. निळ्या पानांच्या मेपलच्या बियांबद्दल तर बोलायलाच नको. असा मेपल अस्तित्वातच नाही, निळा असतो तो फक्त फोटो.

दुसरे म्हणजे चौकटीतला 'पंधरा दिवस फ्रिज', म्हणजे पेरण्याआधी बी पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला. तेवढ्याने भागत नाही. जपानी मेपलचे बी शरद ऋतूत पिकते आणि थंडी खाल्ल्याशिवाय जागे होत नाही. त्याला ओलसर वाळूत किंवा पीटमध्ये (दलदलीत कुजलेल्या शेवाळाच्या भुशात), १ ते ५ अंश सेल्सिअस तापमानात तीन-चार महिने लागतात. ओल हवी, चिखल नको, आणि फ्रीझर तर नकोच. ज्याला जोडलेले पातळ पंख नुकते तपकिरी होऊ लागले आहेत असे ताजे बी मिळाले तर उत्तम. कडकडीत वाळलेल्या बियांचे कवच पाणी आत घेत नाही. अशा बिया थंडीत ठेवण्यापूर्वी कोमट पाण्यात दिवसभर भिजवाव्यात. तरीही काही हटवादी बिया दुसऱ्या वसंतातच उगवतात, तेव्हा ट्रे लगेच रिकामा करू नये.

हा नियम सगळ्या मेपलना लावू नका. सिल्व्हर मेपलचे बी वसंताच्या अखेरीस पिकते. ते तसेच ताजे पेरायचे, वाळले की मेले. पेपरबार्क मेपलच्या बिया बहुतेक पोकळ असतात. चार-पाच कापून पाहाव्यात आणि मगच कष्ट घ्यावेत.

रोप उगवल्यावर रंग कधी कळतो, असे मला नेहमी विचारतात. पहिली दोन लांबट बीजपत्रे काहीच सांगत नाहीत. त्यानंतरची पाने पाहावीत. आणि मी तर दुसरा शरद येईपर्यंत एकही रोप नापसंत म्हणून काढत नाही. हिरव्या रोपांपैकी काही तेव्हा अशी केशरी पेटतात की विकत आणलेले कलम फिके वाटावे.

चौकटीतली दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक