दारूचे डाग आणि लाखेचे पॉलिश

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतील जुन्या सागवानी फर्निचरवरच्या लेखात म्हटले आहे की, लाखेच्या पॉलिशवर दारू सांडली की ते पॉलिश संपलेच, तेव्हा खरवडून मेलामाइन (रासायनिक क्रियेने कडक होणारे पॉलिश) करून घ्यावे. पहिले विधान अर्धे खरे आहे. दुसरे वाचून कोणी चांगले टेबल मशीनखाली घालू नये, म्हणून हे पत्र.

चपडा, म्हणजे ज्या लाखेच्या पापुद्र्यांपासून हे पॉलिश बनते तो, स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून दारू त्याला बाधते हे खरेच. पण किती बाधणार, हे दारूच्या तीव्रतेवर आणि ती किती वेळ पडून राहते यावर ठरते. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये 95 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असते. व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेले असते आणि उरलेले जवळजवळ सगळे पाणीच. वाइन साधारण 12 टक्के, बिअर 5 ते 8. पूर्ण मुरलेल्या पॉलिशवर सांडलेली व्हिस्की दोन-एक मिनिटांत टिपून घेतली, तर सहसा झळाळी जराशी मंदावते, एवढेच. खरे नुकसान होते ते ओल्या ग्लासखाली. ग्लासचे बूड आणि फळी यांच्यात अडकलेली दारू उडून जात नाही. तेवढ्या कड्यापुरते पॉलिश मऊ पडते आणि ग्लास उचलताना बुडाला चिकटून निघते.

बिअर-वाइनचे पांढरे कडे मात्र बहुतेक वेळा पाण्याचे असते, नाव दारूचे होते. आणि घरात या पॉलिशचा मोठा वैरी आहे सॅनिटायझर: 70 टक्के अल्कोहोल, त्यात जेल असेल तर जागचे हलत नाही. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव आणि धुण्याचा सोडा यांनीही लाख सुटते. तिथे दारूचा काही संबंध नसतो.

एक टेबल टिकते आणि दुसरे चिकटते, याचे कारण बहुधा पॉलिश करतानाच घडलेले असते. चपडा स्पिरिटमध्ये भिजवून ठेवला की दोघांत हळूहळू रासायनिक क्रिया होत राहते. सहा महिने-वर्षभर पडून असलेले पॉलिश लावले तर वरून सुकलेले दिसते, पण आतून कधीच कडक होत नाही. अशी बाटली वापरण्याआधी काचेवर एक थेंब टाकावा. दुसऱ्या दिवशी नख रुतले तर ती टाकून द्यावी. साध्या चपड्यात चार-पाच टक्के मेण असते, त्यानेही पाण्याला तोंड देण्याची ताकद घटते. पॉलिश काचेच्या बरणीत तीन-चार दिवस न हलवता ठेवून वरचे निवळ तेवढे घ्यावे. लोखंडी डबा नको, रंग काळवंडतो. प्रमाण लिटरभर स्पिरिटला 150 ग्रॅम. ब्रशने जाड थर देण्यापेक्षा बोळ्याने (कपड्यात गुंडाळलेल्या कापसाने) पातळ हात जास्त द्यावेत आणि नंतर किमान तीन-चार आठवडे त्या टेबलावर ग्लास ठेवू नये. गणपतीच्या तोंडावर भर पावसात पॉलिश उरकून घेण्याची आपल्याकडे जी घाई असते, तिची किंमत हीच: स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि पॉलिश दुधाळते.

दारू सांडलीच तर कोरडा कपडा वरून दाबून टिपावे, घासू नये. पॉलिश चिकट झाले असेल तर कपडाही लावू नये, त्याचे धागे आत रुततात. रात्रभर सुकू द्यावे. नंतर 400 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून खड्ड्यापुरते पॉलिश बारीक ब्रशने भरावे, पुन्हा सुकवावे, सपाट करावे आणि शेवटी बोळ्याने सगळ्या फळीवर हात द्यावा. नवा थर जुन्याला विरघळवून त्यात मिसळतो, म्हणून जोड दिसत नाही. मेलामाइनमध्ये ही सोय नाही. तिथे एका डागासाठी बहुधा अख्खी फळी खरवडावी लागते. पांढरे कडे असेल तर आधी दोन-तीन दिवस थांबावे. गेले नाही तर बोळा स्पिरिटने नुसता दमट करून (गालाला गार लागावा, ओला नको) एकदाच झर्रकन ओढावा. त्याच जागी लगेच दुसऱ्यांदा फिरवला, तर पॉलिश उचकटलेच म्हणून समजा.

टेबलावर लाखच आहे ना, हे आधी पाहावे. फळीखाली न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाकून मिनिटभराने बोट लावावे. चिकटले तर लाख. स्पिरिटला दाद न देता थिनरने चिकटले तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींनी काही झाले नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), आणि मग वरची दुरुस्ती तिथे लागू नाही.

रोज ग्लास मांडले जाणार अशा नव्या टेबलाला किंवा बारच्या फळीला नुसती लाख देऊ नये, हे लेखकाशी मान्य. सागाचा रंग खुलवायला खाली एक हात लाखेचा द्यावा, वर पीयू. पण तो हात मेण काढलेल्या चपड्याचाच हवा. मेण राहिले तर पीयू धड धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात.

आपला,
एक पॉलिश कारागीर, कोल्हापूर