पित्ताची कॅप्सूल आणि कंपवाताचे प्रशिक्षण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉक्टरांच्या कंपवातावरील (पार्किन्सन) प्रशिक्षणाची बातमी कालच्या अंकात वाचली. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांची नावे, सगळे व्यवस्थित छापले आहे. मुख्य व्याख्यान मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेवर झाले म्हणे. छानच! पण खुर्च्यांवर बसलेली मंडळी खानापूर, निपाणी, चिकोडीत दवाखाना चालवणारी. त्यातले कोण उद्या ही शस्त्रक्रिया करणार आहे?

त्यांच्यासमोर येतो तो साठी ओलांडलेला, पाय घासत चालणारा माणूस. त्याच्या पिशवीत पित्ताची कॅप्सूल असते : रॅबेप्रॅझोल २० मिलिग्रॅम आणि जोडीला लेव्होसल्पिराइड ७५. चक्कर येते म्हणून सिनारिझिन. अर्धशिशी असेल तर फ्लुनारिझिन. रॅबेप्रॅझोल सोडले, तर बाकीची तिन्ही औषधे मेंदूत डोपामिनचे, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचे, काम अडवतात आणि हुबेहूब कंपवात उभा करतात. ती थांबवली की बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ओसरतो. आपल्याकडे मात्र कॅप्सूल चालूच राहते आणि वर लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताचे मुख्य औषध, सुरू होते!

तीही ११० ची गोळी, म्हणजे लेव्होडोपा १०० आणि तिची मळमळ आवरणारे कार्बिडोपा १०. दिवसाला तीन दिल्या तर कार्बिडोपा ३० मिलिग्रॅमच पोटात जाते; मळमळ आवरायला ७० ते १०० लागते. मग ओकारी होते, ओकारीवर मेटोक्लोप्रामाइड लिहिले जाते, आणि तेही डोपामिनच अडवते. १२५ ची गोळी (तीत कार्बिडोपा २५), जेवणाआधी अर्धा तास, गरज पडलीच तर हृदयाचा विचार करून डॉम्पेरिडोन : एवढे सांगायला पडद्यावर रंगीत स्लाइड लागत नाहीत.

तपासणीचेही तेच. हात मांडीवर सैल ठेवून शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावावेत. स्वस्थ हात थरथरला, तोही एका बाजूला जास्त, तर कंपवाताचा संशय. मग अंगठा-तर्जनी मोठ्या उघडून वेगाने दहा-पंधरा वेळा टेकवायला सांगावे. हालचाल आखडत, मंदावत गेली तर संशय बळावतो. पेला उचलतानाच दोन्ही हात कापतात, वडिलांचेही कापायचे, तर आजार बहुधा वेगळा. तिथे प्रोप्रानोलॉल चालते, दमा असल्यास नाही. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल तर रक्तातील सेरुलोप्लाझमिन (तांबे वाहणारे प्रथिन) आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी केल्याशिवाय सोडूच नये. विल्सनचा आजार (शरीरात तांबे साठते तो) वेळीच सापडला तर औषधाने आटोक्यात राहतो. डॉक्टरांना पाच वर्षांत अशा प्रशिक्षणाचे ३० तास भरायचेच आहेत, तर त्यातला एक तास यावर घालवायला हरकत नसावी.

आणि हो, बातमीखालीच कंपवातावरच्या चूर्णाची जाहिरात आहे. अशा चूर्णात बहुधा खाजकुइली असते, आणि तिच्या बियांत लेव्होडोपाच असते. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतले तर मात्रा वाढते, अंग नको तसे हलू लागते, भास होतात. चूर्णात काय आहे आणि किती, याचा जाहिरातीत उल्लेख नाही. पैसे घेण्याआधी तेवढे तरी विचारून घेत जा.

आपला,
एक फिजिशियन, खानापूर