हर्णैच्या तांडेलकाकांना, जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून विषय तोडता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नातवाकडून वाचून घ्या.

नौदलात वैमानिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लढाऊ विमान येतं. गावी पूजेला गेलो तर एक तरी पाहुणा विचारतोच, "राफेल का?" डॉर्नियर म्हटलं की चेहरा पडतो. दोन पंख्यांचं, कानपूरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात बनणारं विमान, आणि काम काय, तर तासन्‌तास समुद्र बघायचा. तुम्ही मासेमारी करणारे, तुम्ही मात्र विचारलंत, "वरून जाळं दिसतं का रे?" इतका कामाचा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता.

या नोकरीचे चटके मोठे नसतात, बारीक असतात. साधी सर्दी घ्या. डॉर्नियरमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, त्यामुळे नाक चोंदलेलं असताना उतरायला लागलं की कानात सुरी फिरते. गोळी घ्यावी तर तिने झोप येते, म्हणून तीही डॉक्टरांना विचारून. काकींच्या काढ्यात काय काय असतं हे मी आमच्या डॉक्टरांना सांगत होतो तेव्हा ते गंभीरपणे लिहून घेत होते! उड्डाणाआधी बारा तास दारूचा थेंब नाही, म्हणजे हळदीच्या रात्री आपण सरबतवाले. दर वर्षी मेडिकल, आणि त्याआधी चांगल्या चांगल्यांचं जेवण कमी होतं. दोन-तीन वर्षांनी बदली. मुलीला मैत्रिणी मिळेपर्यंत सामान बांधायची वेळ येते. गणपतीची रजा मंजूर झाली तरी गाडीत बसेपर्यंत खरी धरायची नाही. माझ्या गैरहजेरीत आमच्या घरचा गणपती डोक्यावरून कोणी आणला, हे वाडीला ठाऊक आहे.

पण माझे खरे आभार आहेत ते आईच्या वेळचे. ती मागल्या दारी पाय घसरून पडली, तुम्ही तिला दापोलीला नेलंत, प्लास्टर होईपर्यंत थांबलात, आणि फोन केलात तो हिला. मला नाही. माझं रात्रीचं उड्डाण आहे हे हिने सांगितल्यावर म्हणालात, "उतरू दे त्याला, मग सांग. दर्यात गेलेल्याला आम्ही वायरलेसवर घरची खबर देत नाही." आधी कळलं असतं तर मला वरिष्ठांना सांगून उड्डाणातून बाजूला व्हावं लागलं असतं, मन थाऱ्यावर नसताना विमान हातात घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. काही मित्रांना हे पटलं नाही, मुलाला आधी कळायला हवं म्हणाले. मला पटलं. आई सुरक्षित होती, तुम्ही तिच्याजवळ होतात, मी येऊन करणार काय होतो? गोव्याहून हर्णै विमानाने तासाभराचं अंतर, पण रजा घेऊन निघालो की पुढे आपला मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं.

तुम्ही शिकवलेलं वर उपयोगी पडतं, हेही सांगायचं राहिलं होतं. अमावास्येच्या रात्री किनारा मागे पडला की आकाश आणि पाणी वेगळं कळत नाही. खाली मासेमारी होड्यांचे दिवे, वर तारे, आणि डोळा दोन्हींची सरमिसळ करून भलतंच क्षितिज उभं करतो. विमान कललेलं असताना सरळ वाटतं. तेव्हा डोळ्यांवर नाही, समोरच्या यंत्रांवर विश्वास ठेवायचा, हे आम्हाला पहिल्यापासून घोकून घेतात. तरी कुठल्या हंगामात होड्या कुठे दाटतात, डोलवाले (एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं लावणारे) कुठे आणि पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने थवा घेरणारे) कुठे, हे तुमच्या ओट्यावर ऐकलेलं असल्यामुळे खालचे दिवे मला अनोळखी वाटत नाहीत. आणि ते तुमचं वाक्य: "बंद पडलेली होडी वाऱ्याबरोबर जाते, माणूस पाण्याबरोबर." शोधमोहिमेत कुठून शोधायला लागायचं याचं गणित बऱ्याच अंशी हेच आहे. आमच्याकडे त्याचे तक्ते असतात, तुम्ही ते बिडी विझवता विझवता सांगितलंत.

मिळतं काय, असंही तुम्ही एकदा विचारलं होतंत. पगार बरा आहे, उड्डाणभत्ता मिळतो. जूनमध्ये ढगांच्या फटीतून आपला सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो, पावसाळी मासेमारीबंदी लागलेली म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. आणि कधीतरी, खूप वेळ पांढऱ्या लाटांखेरीज काहीच न दिसल्यावर, मागच्या खिडकीतला सहकारी ओरडतो आणि खाली कोणीतरी शर्ट हलवत असतो. त्या दिवशी परत येताना इंटरकॉमवर फालतू विनोदसुद्धा सगळ्यांना आवडतात.

आता भांडण. तुमच्या होडीवरची लाइफ जॅकेटं केबिनच्या माळ्यावर सुतळीने बांधलेली आहेत, मी पाहिलीत. नारळी पौर्णिमेनंतर निघाल तेव्हा ती खलाशांच्या अंगात असू द्या. भडक भगवं कापड आणि एक साधा आरसा बरोबर ठेवा. उन्हात आरशाची चमक आम्हाला फार लांबून दिसते. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर केबिनच्या दारावर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. रंगाचे पैसे मी देतो, त्यावरून वाद नको.

काकींना नमस्कार.

तुमचा,
शेजारचा डॉर्नियरवाला