ओवीच्या फुटबॉलविषयी, लियॉनहून

लियॉन (फ्रान्स), 12 जुलै 2025

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर विषय अर्धाच राहिला. दादाच्या ओवीला फुटबॉलच्या सरावाला पाठवायचं की नाही, यावर दादा-वहिनी काही बोलेनात, आणि बाबा म्हणाले, "तिकडच्या पोरींचं वेगळं असतंय, आपल्याकडं खेळून तिचं काय होणार?" तेवढ्यावर बोलणं थांबलं. पण मला ते तिथं थांबवायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, फुटबॉल तुम्हाला मी काय शिकवणार? आपल्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की जेवण लवकर आटोपून शाहू स्टेडियम गाठणारे तुम्ही. तेव्हा मी मॅचच्याच भाषेत सांगते.

तिकडच्या पोरींचं पहिल्यापासून वेगळं नव्हतं. महायुद्धाच्या काळात, 1941 मध्ये, नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने बायकांच्या फुटबॉलवर बंदीच घातली होती. फ्रेंच फुटबॉल महासंघाने त्यांच्या खेळाला मान्यता दिली ती 1970 मध्ये. म्हणजे तुम्ही शाळेच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळत होता, तेव्हा इथल्या मुलींना अधिकृत स्पर्धासुद्धा नव्हती. त्याच वर्षी एफसी लियॉन नावाच्या क्लबने मुलींचा संघ काढला. त्या संघाने नव्वदच्या दशकात चार वेळा फ्रान्सचं अजिंक्यपद मिळवलं, पण मैदान लहान आणि पैसा बेताचा. 2004 मध्ये तो संघ ऑलिंपिक लियॉन या मोठ्या क्लबात सामील झाला.

त्या क्लबचे अध्यक्ष होते जाँ-मिशेल ओलास. त्यांनी मुलींचा संघ नावाला ठेवला नाही. पुरुष खेळाडू जिथं सराव करत तिथंच मुलींचा सराव सुरू केला. चांगली मैदानं, डॉक्टर, फिजिओ, व्यायामशाळा, सगळं त्यांनाही मिळालं. खेळाडूंना करार आणि पगार मिळू लागले. पुरुषांच्या तुलनेत ते पगार फारच कमी होते, आजही आहेत, पण सकाळी दुकानात उभं राहून संध्याकाळी दमलेल्या पायांनी सरावाला येण्याची वेळ त्यांच्यावर राहिली नाही. माझ्या मते सगळा फरक इथं पडला. पोरी आधीही चांगल्याच खेळत होत्या. त्यांना दिवसभर फुटबॉल खेळता येईल अशी सोय आता झाली.

मग काय झालं ते पाहा. 2007 मध्ये ऑलिंपिक लियॉन म्हणून पहिलं लीग अजिंक्यपद. तिथून 2020 पर्यंत सलग 14. 2021 मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने ही मालिका तोडली, तर पुढच्या वर्षापासून पुन्हा यांचंच राज्य. यंदा मे महिन्यात त्याच पॅरिसला अंतिम सामन्यात 3-0 ने हरवून त्यांनी 18वं अजिंक्यपद घेतलं. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची 8 विजेतेपदं वेगळीच, त्यातली 2016 ते 2020 अशी पाच ओळीने. मुलींच्या फुटबॉलमध्ये एवढी दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

पण मला आकड्यांपेक्षा त्यांच्या हरण्या-जिंकण्याची तऱ्हा जास्त आवडते. 2010 चा युरोपचा अंतिम सामना ते टायब्रेकरवर (बरोबरीनंतरच्या पेनल्टींवर) हरले, जर्मनीच्या पॉट्सडामकडून, 7-6 ने. पुढच्या वर्षी लंडनला अंतिम फेरीत समोर पुन्हा पॉट्सडामच. या वेळी 2-0. पहिला गोल लियॉनची बचावपटू वेंडी रेनार हिचा.

आणि बाबा, 2017 चा कार्डिफचा टायब्रेकर तुम्ही पाहायला हवा होता. समोर पॅरिस. एकशेवीस मिनिटं झाली तरी 0-0. पेनल्टी घेता घेता 6-6 झालं आणि मग गोलीच मारायला आल्या. आधी पॅरिसची गोली पुढं आली, तिचा चेंडू बाहेर गेला. मग लियॉनची गोली सारा बुहाद्दी. काही क्षणांपूर्वी गोलजाळ्यात उभी असलेली तीच बाई आता चेंडू ठेवून मागं सरकली आणि तिने तो जाळ्यात घातला. युरोपचा कप गोलीच्या पायावर आला! आपल्या पेठेत असं काही झालं असतं तर त्या गोलीला खांद्यावरून उतरवलं नसतं कुणी.

2018 मध्ये कीव्हच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गने आधी गोल केला. संपलं असं वाटावं अशी वेळ, पण लियॉनने नंतर चार ठोकले आणि सामना 4-1 ने घेतला. 2019 ला बुडापेस्टमध्ये बार्सिलोनाविरुद्ध अर्ध्या तासातच 4-0. त्यातले तीन एकट्या अडा हेगेरबर्गचे, 16 मिनिटांत. ही नॉर्वेची मुलगी. 2018 मध्ये बायकांसाठी पहिल्यांदाच बालोन दोर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) दिला गेला, तो हिला.

आई, आता तुझ्यासाठी. "पाय मोडला तर पुढं तिचं कोण करणार?" असं तू म्हणालीस. तुझी काळजी खोटी नाही. गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते, हे डॉक्टरही सांगतात. हेगेरबर्गचा गुडघा 2020 च्या जानेवारीत सरावात गेला. ती पुन्हा मैदानात उतरली 2021 च्या ऑक्टोबरमध्ये. जवळजवळ पावणेदोन वर्षं. आणि 2022 च्या मे महिन्यात ट्युरिनला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तिने हेडरने गोल केला. समोरच्या बार्सिलोनाने त्या मोसमात आपल्या लीगमधले तीसच्या तीस सामने जिंकले होते, त्यांना लियॉनने 3-1 ने हरवलं. दुखापत झाली म्हणजे आयुष्य संपलं असं होत नाही, फक्त उपचार आणि व्यायाम नीट व्हावा लागतो. म्हणूनच माझं म्हणणं आहे की ओवी गल्लीत डांबरावर खेळण्यापेक्षा जाणत्या प्रशिक्षकाकडं, वॉर्मअप करून, मातीवर-गवतावर खेळू दे. खेळायची ती थांबणार नाहीच, तू तिला ओळखतेस.

रेनारचं नाव वर आलं, तिच्याबद्दल आणखी थोडं. ती मार्टिनिक बेटावरची, इथून सात हजार किलोमीटरवरची. आठ वर्षांची असताना वडील गेले. फ्रान्सच्या राष्ट्रीय फुटबॉल प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीत तिला नाकारलं. लियॉनने मात्र ठेवून घेतलं आणि सोळाव्या वर्षी ती एकटी या शहरात आली. सहा फुटांहून उंच, बचावफळीत उभी राहिली की कॉर्नरचा चेंडू दुसऱ्या कुणाला मिळत नाही. आठही चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या मोजक्या खेळाडूंत ती आहे आणि अजूनही कर्णधार आहे. या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला युरो ही युरोपातल्या देशांची स्पर्धा चालू आहे, त्यासाठी फ्रान्सने तिला संघात घेतलं नाही. मला ते फार लागलं. येत्या 20 तारखेला ती 35 वर्षांची होईल.

मी या क्लबची नुसती स्तुती लिहीत नाही. आइसलँडच्या सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिरने 2020 च्या अंतिम सामन्यात यांच्याकडून गोल केला होता. पुढं ती गरोदर राहिली तेव्हा क्लबने तिचा पूर्ण पगार दिला नाही. ती फिफाच्या न्यायाधिकरणात गेली आणि जिंकली. क्लबला 82 हजार युरोंहून जास्त रक्कम द्यावी लागली. एवढ्या मोठ्या क्लबने असं वागावं याचा मला अजून राग येतो. पण त्या निकालाचा फायदा जगभरच्या खेळाडूंना होणार आहे, आणि तो एका खेळाडूने भांडून मिळवला.

यंदाच्या एप्रिलमधला लंडनच्या आर्सेनलविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना मी प्रत्यक्ष पाहिला. लंडनला हे 2-1 ने जिंकून आले होते, घरच्या मैदानावर 1-4 ने हरले. सामना संपल्यावर टी-3 ट्रामने पार-द्यू स्टेशनला परतताना डब्यात उभं राहायला जागा नव्हती आणि कुणी फारसं बोलत नव्हतं. माझ्या शेजारी एक आजोबा नातीला घेऊन उभे होते. नातीच्या अंगावर हेगेरबर्गची जर्सी. ते तिला दुसरा गोल कसा खाल्ला ते हातवारे करून समजावत होते आणि ती मान हलवून "नाही, चूक बचावाची होती" असं ठासून सांगत होती. बाबा, मला तुम्ही दोघंच दिसलात.

आता बायकांच्या संघाचं ओएल लियोन (OL Lyonnes) असं स्वतंत्र नाव झालंय आणि पुढच्या मोसमापासून घरचे सामने 59 हजारांच्या मोठ्या स्टेडियमवर होणार आहेत. पूर्वी सरावकेंद्राच्या छोट्या मैदानावर दीडेक हजार खुर्च्या असायच्या.

आपल्याकडं काय होणार, हा तुमचा मूळ प्रश्न. गेल्याच शनिवारी भारताच्या मुलींनी थायलंडमध्ये जाऊन थायलंडला 2-1 ने हरवलं. संगीता बासफोरने दोन्ही गोल केले. पात्रता फेरी खेळून आशिया चषकात जाण्याची आपल्या मुलींची ही पहिलीच वेळ. आपल्या एफसी कोल्हापूर सिटीच्या मुलीसुद्धा इंडियन वुमेन्स लीगमध्ये खेळून आल्यात. ओवी भारताकडून खेळेल असं मी म्हणत नाही. ती अकरा वर्षांची आहे, डाव्या पायाने चेंडू मारते आणि तिला खेळायचंय. पेठेत ज्या घरातून तीन पिढ्या फुटबॉल पाहिला गेला, त्या घरातल्या मुलीला मैदान नाकारलं जाऊ नये एवढंच मागणं.

दादाशी मी बोलले आहे. तुम्ही हो म्हणालात तर त्याची ना नाही. सराव सकाळी सहाला असतो. बाबा, तुम्ही पाचला उठून रंकाळ्यावर फिरायला जाताच, त्याऐवजी पहिला महिनाभर तिला मैदानावर घेऊन जा आणि प्रशिक्षक कसे आहेत ते स्वतः पाहा. तुमच्या नजरेला नाही पटले तर मी गप्प बसेन. बूट थोडे मोठे घेऊ नका, मापाचेच घ्या, पाय मुरगळतो. शिन गार्डशिवाय उतरू देऊ नका. पैसे दादाच्या खात्यात पाठवलेत. आई, सरावाहून आल्यावर तिला नुसता चहा-बिस्कीट नको, अंडी आणि केळं दे, आणि शेंगदाण्याचे लाडू करशील तर उत्तमच.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आठवण करा. उत्तर फोनवर नको, बाबा, दोन ओळी लिहूनच पाठवा.

तुमची,
नीता