खेळातले गुण प्रगतिपुस्तकात नकोत

महोदय,

वर्गातील मूल्यमापनासाठी काहूट, क्विझिझ (आताचे नाव वेग्राउंड) यांसारखे ऑनलाइन प्रश्नमंजुषेचे खेळ वापरण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. मी स्वतः गणिताच्या तासाला ते वापरते आणि पुढेही वापरणार आहे. त्यामुळे हे पत्र त्यांच्या विरोधात नाही. खेळ संपल्यावर पडद्यावर झळकणारे गुण जसेच्या तसे उचलून अंतर्गत मूल्यमापनाच्या रकान्यात भरण्याला मात्र माझा आक्षेप आहे.

काहूटची गुण देण्याची रीत पाहिली की या आक्षेपाचे कारण ध्यानात येते. तेथे एका बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण असतात आणि उत्तर द्यायला जितका वेळ लागेल तितके ते घटत जाऊन अखेरच्या क्षणी ५०० वर येतात. समजा, प्रत्येक प्रश्नाला २० सेकंद आहेत. एका मुलाची दहापैकी सहाच उत्तरे बरोबर आली, पण ती प्रत्येकी २ सेकंदांत. त्याला ९५० प्रमाणे ५७०० गुण मिळतात. एका मुलीची दहाच्या दहा उत्तरे बरोबर आली, मात्र दर वेळी आकडेमोड पडताळून, अठराव्या सेकंदाला. तिला ५५० प्रमाणे ५५०० मिळतात. (सलग बरोबर उत्तरांसाठी मिळू शकणारे जादा गुण यात धरलेले नाहीत.) सगळे येणारी मुलगी चार प्रश्न चुकलेल्या मुलाच्या मागे पडते. इंटरनेट संथ असल्यामुळे ज्याच्या फोनवर प्रश्नच उशिरा उमटतो, त्याचीही हीच गत. शिवाय चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत निव्वळ अंदाजाने पाच किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ८ टक्के असते. ४० जणांच्या वर्गात सगळ्यांनीच अंदाज बांधला, तर काहीही न शिकलेले सरासरी तिघे जण अशा रीतीने निम्म्यावर पोचतात.

या खेळांचे खरे मोल चुकलेल्या उत्तरांत आहे, परंतु त्यासाठी पर्याय विचारपूर्वक रचावे लागतात. ०.५, ०.३५, ०.१२५ आणि ०.६२ यांतील सर्वांत मोठी संख्या कोणती, असा प्रश्न मी विचारते. ०.१२५ निवडणारा विद्यार्थी दशांश चिन्हाकडे दुर्लक्ष करून १२५ वाचत असतो, ०.५ निवडणाऱ्याला दशांश हे शतांशापेक्षा मोठे एवढेच ठाऊक असल्याने कमी अंकांची संख्या मोठी वाटते, ०.३५ वर बोट ठेवणारा बहुधा अंदाजच बांधतो. पहिल्या दोघांच्या चुका वेगळ्या आणि त्यांवरचे उपायही वेगळे. खेळानंतर मिळणाऱ्या अहवालात कोणी काय निवडले हे प्रश्नवार दिसते, अर्थात मुलांनी गमतीची टोपणनावे न घेता हजेरी क्रमांकाने प्रवेश केला असेल तरच. विजेत्यांच्या टाळ्यांच्या गडबडीत हा अहवाल बहुतेकदा कोणी उघडतच नाही, ही माझी खंत आहे.

आठवून उत्तर देण्याने शिकलेले अधिक टिकते, हे रॉडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. तेव्हा सराव म्हणून हे खेळ जरूर खेळावेत. त्यातही वेळेनुसार बदलणारे गुण बंद ठेवून आणि क्रमवारी न दाखवता. वर्गात सर्वांकडे फोन नसतील तर प्लिकर्स या अ‍ॅपची कागदी कार्डे आहेत. ती मुलांनी उंचावून धरायची आणि शिक्षकाने एकाच फोनने टिपायची.

गुणांच्या रकान्यासाठी मात्र मी दुसऱ्या दिवशी त्याच घटकावरची दोन उदाहरणे वहीत सोडवून घेते, घड्याळ न लावता, आणि पायरीपायरीला गुण देते. शाळांनी निदान एवढा नियम करावा की, वेगाला गुण देणाऱ्या कोणत्याही खेळाचा निकाल त्या रकान्यात जाणार नाही.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका