टोमॅटो नाही, बी पाठवतोय

सातारा, ३ जानेवारी

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

कुरिअरने टोमॅटो पाठवा म्हणालीस, पण ते जमणार नाही. झाडावर पूर्ण पिकलेल्या टोमॅटोची साल इतकी पातळ होते की बेंगळुरूला पोचेपर्यंत डब्यात नुसता रस उरेल. म्हणून सोबतच्या पुडीत बी पाठवतोय. ते कसं लावायचं ते पुढे लिहितो. आधी यंदाच्या पहिल्या टोमॅटोबद्दल सांगतो, कारण परवा फोनवर आम्ही सगळे एकदम बोलत होतो आणि तुला धड काही ऐकू आलं नसणार.

बी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'धनश्री' वाणाचं. सप्टेंबरच्या मध्याला ट्रेमध्ये टाकलं आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात रोपं परसात लावली. मग बांबू रोवले आणि झाडं वाढतील तशी सुतळीने बांधत गेलो. बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेत फुटणारे कोंब, काढायचं काम आईचं. ते करून आली की तिची बोटं काळपट हिरवी झालेली असतात आणि साबण लावला की बेसिनमध्ये पिवळंजर्द पाणी वाहतं. टोमॅटोच्या पानांचा तो उग्र वास मला फार आवडतो. हात धुतल्यावरही तो थोडा वेळ बोटांना राहतो.

नोव्हेंबरात फुलं आली. या फुलातले परागकण उघड्यावर नसतात. मधोमध जो पिवळा सुळका दिसतो, त्याच्या आत ते असतात आणि फूल थरथरलं की टोकातून खाली झरतात. आपल्या नेहमीच्या मधमाशीला तसं फूल हलवता येत नाही. काळा भुंगा मात्र फुलाला लटकतो आणि पंखांचे स्नायू असे थरथरवतो की गुणगुण आपल्यालाही ऐकू येते. वाऱ्यानेही काम होतं. तरी मी रोज सकाळी चहा घेऊन बाहेर गेलो की प्रत्येक बांबूला टिचकी मारतो. रात्रीचं तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असलं की फळ चांगलं धरतं. उन्हाळ्यात रात्रीही उकाडा राहिला की फुलं गळून जातात. घरच्या टोमॅटोला हिवाळ्यासारखा हंगाम नाही, असं माझं ठाम मत आहे.

फळ पुरतं वाढलं की आधी बुडाशी एक फिकट चांदणी उमटते. मग तिथेच नारिंगी झाक येते आणि रंग हळूहळू वर चढतो. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी लाल होतो. बाजारात जाणारा माल बुडाला रंग फुटला की तोडतात. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतहून ट्रकने दूरच्या शहरात जायचं तर टणक फळच टिकतं, शेतकऱ्याला दुसरा इलाज नाही. तोडलेला टोमॅटोही लाल होतो, पण झाडाकडून मिळणारी साखर मात्र तोडल्या क्षणी थांबते. आणि एवढं सांभाळूनही भावाचा भरवसा नाही. जुलै २०२३ मध्ये शहरांत किलोला दीडशेच्या वर गेलेला हाच टोमॅटो एरवी तोडणीचा खर्चही निघत नाही म्हणून रस्त्यावर ओतावा लागतो. त्या लोकांच्या कष्टांपुढे माझी परसातली झाडं म्हणजे निव्वळ हौस. पण आपल्याला माल कुठे धाडायचा नाही, त्यामुळे थांबता येतं. या थांबण्यातच सगळी चव आहे.

तर आम्ही थांबलो. बुलबुलांनी चोच मारू नये म्हणून आईने पहिल्या घडाला जाळीची पिशवी बांधली होती. देठावर एक गाठ असते बघ, फळ पिकलं की तिथे अंगठा टेकवून जरा वर वाकवलं तरी ते कट्कन सुटतं. पहिलं फळ आजीने देवापुढे ठेवलं. पूजा आटोपल्यावर विळीवर चिरून प्रत्येकाच्या हातावर फोड दिली, वर मिठाचे चार कण. आधी गोड लागलं आणि मागून आंबट आलं. बियांभोवतीचा गर मनगटापर्यंत ओघळला. चवीचा मोठा वाटा त्या गरातच असतो, त्यामुळे कोशिंबिरीसाठी बिया काढून टाकायची पद्धत मला पटत नाही. आजी काही बोलली नाही, तिने दुसरी फोड मागितली. साखर वर्ज्य झाल्यापासून तिने जेवणाआधी आपणहून काही मागितलेलं मला आठवत नाही.

आता रोज चार-पाच निघतात. कोशिंबिरीत दाण्याचं कूट, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. फार मऊ झालेले साराला. फ्रिजमध्ये एकही ठेवत नाही, थंडीने त्याचा वास मरतो.

आता तुझं काम. बेंगळुरूची हवा याला मानवते. शेजारच्या कोलार भागात तर वर्षभर टोमॅटो होतो. बेंगळुरूच्याच भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा वाण रोगांना चांगला टिकतो, पण तो संकरित आहे, त्याचं बी दर वेळी विकत घ्यावं लागतं. धनश्रीचं घरी धरता येतं. हे गेल्या हंगामातल्या सगळ्यात चांगल्या झाडाचं आहे. गर वाटीत आंबवून, वर पांढरी साय धरल्यावर धुऊन स्टीलच्या ताटलीत वाळवलंय.

कुंडी निदान बारा इंची घे आणि बाल्कनीत सहा तास ऊन येईल अशी ठेव. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल पुर, त्या खोडालाही मुळं फुटतात. पाणी नेमाने दे. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी बादलीभर असं झालं की फळाच्या बुडाला काळा डाग पडतो, कारण कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पानं आकसायला लागली तर पांढरी माशी आली समज. तिच्यासाठी पिवळे चिकट सापळे आधीपासूनच लाव. ऑफिसच्या गडबडीत रोज वेळ मिळणार नाही हे मला कळतं, पण सकाळची पाच मिनिटं पुरतात.

संक्रांतीला येणार असशील तर तिकीट काढून लगेच कळव. कोपऱ्यातल्या झाडावरचा खालचा घड आत्ताच नारिंगी झालाय. तू येणार असलीस तर त्याला कुणाला हात लावू देत नाही, नाहीतर आजी शुक्रवारी त्याचं सार करणार आहे.

तुझा,
बाबा